पानांची ओल

गोणपाटाला द्राक्षांचा वास येत होता. गिरधर नानांनी सावद्याहून सकाळच्या पहिल्या एस्टीनं आणलेला केळीच्या पानांचा भारा नेहमीसारखा अंगणातल्या कट्ट्यावर टेकवला, टोपी काढून कपाळ पुसलं, आणि कुमुद तो भारा जरा भिंतीकडे सरकवावा म्हणून वाकली, तेव्हा तो वास तिच्या नाकाशी आला. गोड, ओलसर, पिकून थोड्या पुढं गेलेल्या द्राक्षांचा. ती वाकली ती तशीच राहिली. दिवस द्राक्षांचे नव्हते, आणि असते तरी तिचे सासरे काही बाजारातून येत नव्हते, आपल्या मळ्यातून येत होते. "कंबर धरली काय व?" नाना हसून म्हणाले. ती "नाही, नाना" म्हणाली, सरळ झाली आणि चहा ठेवायला आत गेली. गॅस पेटवण्याआधी तिनं स्वतःची बोटं हुंगली. वास बोटांनाही लागला होता. घर होतं तसंच होतं. फडताळावर तिच्या नवऱ्याचा, लीलाधरचा चष्म्याचा डबा होता, तो तपासणीच्या कामाला धुळ्याला गेला होता आणि डबा विसरला होता. खिडकीत कालचं धुणं होतं. फक्त दवाखान्यातली एक गोष्ट उंबरा ओलांडून घरात आली होती, आणि ती आणणारा माणूस बाहेर बसून शेजारच्या मांजराची चौकशी करत होता.

हा वास ती गेले कित्येक दिवस हुंगत होती, पण तो तिच्या खोलीत, काचेच्या बशीचं झाकण उचलल्यावर. कुमुद जळगावातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात पॅथॉलॉजिस्ट होती. म्हणजे दवाखान्यातलं रक्त, थुंकी, पू यांचं जे काही बरंवाईट असेल ते तिच्या टेबलावर येऊन पडायचं. भाजलेल्यांच्या वॉर्डातून जखमेवर फिरवलेले कापसाचे बोळे यायचे. ती ते बशीतल्या, जंतू वाढावेत म्हणून घातलेल्या थरावर ओढायची, बशी विजेच्या उबेत ठेवायची, वीज गेली की देवाचं नाव घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी झाकण उचललं की बशीभर हिरवट निळी साय आणि हा वास. स्यूडोमोनास हे जंतूचं नाव तिनं एकदा नानांना सांगितलं, तर नाना म्हणाले होते, "नाव तं मोठं घरंदाज आहे." जंतू तसा नवा नव्हता. जिथं ओल तिथं हा. नळाच्या तोटीत, फुलदाणीत, साबणाच्या खळग्यात. धडधाकट माणसाच्या वाटेला जात नाही, ज्याचं कातडं गेलं त्याला धरतो. नवं होतं ते वेगळंच. कोणतं औषध लागू पडेल हे पाहायला बशीत औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवतात. विकतच्या टिकल्या दवाखान्याला परवडत नसत, म्हणून कुमुद ऑफिसातलं पंच मशीन आणून गाळणकागदाच्या टिकल्या पाडायची. औषध चालत असेल तर टिकलीभोवतीचे जंतू मरतात आणि एक स्वच्छ गोल रिंगण पडतं. ह्या जंतूच्या बशीत रिंगण पडतच नव्हतं. जेंटामायसिनला नाही, अमिकासिनला नाही, नुकत्याच आलेल्या आणि सगळ्यांनी डोक्यावर घेतलेल्या सिप्रोलाही नाही. हिरवी साय टिकल्यांना खेटून, चक्क त्यांच्या अंगावर चढून वाढलेली. आपल्याच टिकल्या खराब झाल्या असतील असं वाटून तिनं नव्या पाडल्या होत्या. तेच झालं. मग ज्याच्या जखमेत हा जंतू होता तो वॉर्डातला छगन गेला.

चहाला आधण आलं. तिला तिच्या कॉलेजातले सर आठवले, लांब मानेचे, कायम चिडलेले. ते मुलांच्या नाकाखाली हीच बशी धरायचे आणि म्हणायचे, वास घ्या, लक्षात ठेवा, पण वासावर रिपोर्ट लिहाल तर माझ्या दारात उभं राहू नका. नाक हा पुरावा नव्हे. तेव्हा ती धुळ्याहून आलेली, दोन वेण्यांची, घाबरट मुलगी होती, आणि पुरावा ह्या शब्दाचा तिला फार आधार वाटला होता. धुळ्याच्या घरात कशालाच पुरावा लागत नसे. आजी म्हणाली दृष्ट लागली की लागली. काकू म्हणाली चोरी मोलकरणीनंच केली की तिनंच केली. त्या घरातून आल्यावर, दोन दिवस थांबा, बशी काय म्हणते ते बघू, मग बोलू, असं म्हणणारी माणसं तिला फार सभ्य वाटली. ती त्यांच्यातली झाली. तिच्या तोंडून "बघू" हा शब्द इतका येई, की लीलाधर तिला घरात बघूबाई म्हणत असे. आता त्याच सभ्यपणाचा तिला विलक्षण मोह होत होता. गोणपाटाचा एक धागा कापून घ्यावा, बशीवर टाकावा, दोन दिवस थांबावं. तोवर कुणाला काही बोलायला नको. नानांना तर नकोच.

तिनं कात्री घेतली. नाना बशीत चहा ओतून फुंकर घालत होते, त्यांची पाठ भाऱ्याकडे होती. तिनं खाली बसून गोणपाटाच्या कडेचा एक ओला दोरा कापला, उकळून ठेवलेल्या बाटलीत टाकला, बूच लावलं आणि बाटली पर्समध्ये टाकली. सासऱ्याच्या वस्तूतून चोरून काही घेण्याची तिच्यावर ही पहिलीच वेळ, आणि घेतलं काय, तर गोणपाटाचा दोरा. तिला हसू यायला हवं होतं, पण लाज वाटली. "तुह्ये जंतू काय म्हणता आजकाल?" नानांनी विचारलं. हा त्यांचा ठरलेला प्रश्न, जावयाची खुशाली विचारावी तसा. "मजेत आहेत," ती म्हणाली. हेही ठरलेलंच उत्तर, पण आज ते देताना तिनं पर्स पाठीमागं सरकवली.

कारण पान वॉर्डात आलं ते तिच्याचमुळं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी सासरे आणि ती यांच्यात बोलायला काही नव्हतं. वैर नव्हतं, राग नव्हता, विषयच नव्हता. त्यांना केळी कळत, तिला पू. जेवताना दोन्ही काढता येत नाहीत. सासूबाई होत्या तोवर त्या मधे बसून दोघांच्या वतीनं बोलायच्या. त्या गेल्या, नानांनी मळा थोरल्या मुलाच्या, रतिलालच्या हाती दिला, आणि ते नुसते राहिले. जळगावला आले तरी दिवसभर कट्ट्यावर. मग एका रात्री जेवताना, लीलाधरनं काहीतरी विचारलं म्हणून, कुमुद भाजलेल्यांच्या वॉर्डाबद्दल बोलली. जखमेवरचं पाणी सुकतं, चादर पाठीला चिकटते, सकाळी ती सोडवताना आलेलं नवं कातडंही तिच्याबरोबर निघतं. ते ओरडणं तिच्या खोलीपर्यंत येतं. व्हॅसलीनची जाळी घालतात, पण ती सगळ्यांना पुरत नाही. लीलाधर म्हणाला, जेवू दे ग. पुढच्या खेपेला नाना केळीच्या पानांचा भारा घेऊन आले. "ह्याच्यावर निजव त्याहिले," ते म्हणाले. "केयीच्या पानाले काही चिकटत नाही. गरम वरन वाढ, नाहीतं काहीबी वाढ." तिनं सर्जन डॉ. भंगाळ्यांना सांगितलं, ते हसले, मग एका म्हाताऱ्याच्या पाठीखाली घालून पाहिलं. सकाळी तो म्हातारा पानावरून असा अलगद उठला की सिस्टर बघत राहिल्या. त्या दिवसापासून वॉर्डात पान आलं आणि घरात विषय आला.

नानांना काम मिळालं. पान कोणतं घ्यायचं, तर गाभ्याजवळचं, कवळं, पण पार पिवळं नव्हे. शीर कशी तासायची, दुमडायचं कसं. रोज काही सावद्याहून येणं होत नव्हतं, म्हणून आणलेली पानं टिकवायला त्यांनी वॉर्डाच्या न्हाणीत एक निळं पिंप ठेवलं, त्यात पाणी भरून पानं उभी केली. लग्नाच्या पंगतीला आदल्या दिवशीची पानं केळीवाले अशीच ठेवतात. ओल मोडली की पान फाटतं. पाणी कमी झालं की वरून भर घालायची, ओतून टाकायचं नाही. मुरलेलं पाणी पानाला मानवतं, असं नाना म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं, पान खरंच टवटवीत राही. निघताना गोणपाट त्याच पिंपात बुचकळून घ्यायचं आणि ओलंच मळ्यात न्यायचं, म्हणजे पुढच्या भाऱ्याला कामी येतं. आणि त्याच न्हाणीत, पिंपापासून हातभर अंतरावर, सिस्टर रोज पेशंटच्या जखमा धूत होत्या. हे सगळं कुमुद रोज बघत होती. जाता येता त्या पिंपात डोकावून, पानं पुरतील ना, असंही बघत होती.

छगन गेल्यावर तिनं जंतूचा माग काढायला सुरुवात केली होती. तिनं वॉर्डातल्या तोट्या तपासल्या, सलाइनच्या बाटल्या तपासल्या, साबण, कात्र्या, मलमाचा डबा तपासला. सिस्टर सुनंदाबाईंचे हात बशीवर टेकवून घेतले तेव्हा त्या म्हणाल्या, "मॅडम, वीस वर्षं झाली मला, चोर पकडायला निघाल्यात काय," आणि चार दिवस बोलल्या नाहीत. सफाईवाल्या मामांच्या झाडूपर्यंत ती गेली. प्रत्येक वेळी बशीत काही ना काही उगवलं, पण हा जंतू नाही. आणि ह्या सगळ्या शोधात निळ्या पिंपाकडे तिचा बोळा एकदाही गेला नाही. विसरली असं नव्हतं. पिंप तिच्या डोळ्यांसमोरच होतं, पण ते वॉर्डातलं नव्हतं, घरचं होतं. घरात देवाचा तांब्या असतो, तो विसळायचा असतो, त्याच्यावर संशय घ्यायचा नसतो. आता चहाचे कप धुताना हे तिला इतकं उघड दिसलं की तिनं नळ बंद केला आणि ओले हात तसेच धरून उभी राहिली. पुरावा, पुरावा म्हणणारी आपण, आणि जिथं माया होती तिथं पुरावा मागायलाच गेलो नाही.

पण कोकिळाचं काय, असं दुसरं मन लगेच म्हणालं. कोकिळा पाचोऱ्याकडच्या खेड्यातली, वयानं पोरच, पाठ, मांड्या आणि उजवा हात भाजलेला. कागदावर स्टोव्ह भडकला असं लिहिलं होतं. सगळ्यांच्याच कागदावर तसं लिहिलेलं असतं, आणि स्टोव्ह नेहमी सुनांवरच कसा भडकतो हे विचारणं बंद होऊन वॉर्डाला बरीच वर्षं झाली होती. ती आल्यापासून पानावर होती, आणि तिची जखम अजून स्वच्छ होती. परवाच्या बशीत हिरवं काही नव्हतं. म्हणजे पानात काही नसणार. उद्या तिला कातडं लावायचं होतं, पोटऱ्यांचं काढून. डॉ. भंगाळे म्हणाले होते, हे कातडं धरलं तर पोरगी चालत घरी जाईल. जखमेत हिरवं शिरलं तर ते वितळून जाईल, आणि लावायला दुसरं कातडं तिच्या अंगावर उरलेलं नाही. पान थांबवलं तर आजची रात्र चादरीवर. जाळी संपलेली. उद्या सकाळी ती चादर निघताना काय होईल ते कुमुदला ऐकू येत होतं. आणि हे सगळं करायचं ते कशाच्या जोरावर, तर नाकाच्या. धाग्यात काही निघालंच नाही तर? उद्याच्या उद्या सगळं तसंच सुरळीत झालं, आणि आपण एका म्हाताऱ्याला उगाच सांगून बसलो तर? तिच्या लक्षात आलं की आपण कोकिळाच्या स्वच्छ जखमेचा उपयोग स्वतःला वाचवायला करतोय. तिला स्वतःची शिसारी आली.

रिक्षात नानांनी भारा मांडीवर घेतला. "मागं ठेवा ना," ती म्हणाली. "मागं वारं लागते पानाले," ते म्हणाले. फाटक बंद होतं. केळ्यांच्या वॅगनींची गाडी चालली होती, संपेचना. नाना डबे बघत होते. सगळी हयात त्यांनी ह्या गाडीच्या वेळापत्रकावर काढली होती. वास आता रिक्षाभर होता. रिक्षावाल्याला येत नसावा, नानांना येत नव्हता, जगात हा वास फक्त तिला येत होता आणि त्यामुळं तो खरा आहे की नाही अशी तिला शंका यायला लागली. "आज गाभ्याची आनली," नाना म्हणाले. "त्या पोरीचं उद्या मोठं काम आहे ना. म्हटलं, कवयं पान पाह्यजे." मग थोड्या वेळानं म्हणाले, "छगनच्या बायकोनं मले उत्तरकार्याले बलावलं व्हतं. तुले सांगतलं नाही." छगन त्यांच्याच गावचा, वॅगनीत केळी भरणारा, डांबराच्या पिंपाचा भडका होऊन भाजला होता. नाना त्याच्याजवळ तासन् तास बसत, शेवटच्या दिवसात त्याच्याखालचं पान स्वतःच्या हातानं बदलत. "बेबाबाई माह्या पाया पडली. म्हणे, नाना, तुमच्या पानानं माह्या मालकाले शेवटी सुखानं नीज आली. मले लाज वाटली व. मी काय केलं, दोन पानं कापली." गाडीचा शेवटचा डबा गेला. फाटक उघडलं. कुमुदला वाटलं, गाडी अजून थोडी लांब असती तर बरं झालं असतं.

वॉर्डाच्या दारात कडुनिंबाखाली कोकिळाची आई तानुबाई उभी होती. नाना दिसताच तिनं दोन्ही हात पुढं केले. भारा घ्यायचा आणि आत न्यायचा हे काम तिनं आपल्याकडे घेतलं होतं. पोरीसाठी तिला दुसरं काही करताच येत नव्हतं. नाना, आलात का, हे ती रोज आपल्या अहिराणीत विचारायची. "उनात का, नाना? पोर कव्हयनी वाट देखी ऱ्हायनी. तुम्हना पानवर तिले डोळा लागस." नानांनी भारा उचलला. आणि कुमुदनं, आपण काय करतोय हे कळायच्या आत, त्या दोघांच्या मधे हात घातला. हाताला ओलं गोणपाट लागलं. "नाना, आज पान द्यायचं नाही," ती म्हणाली.

"काहून? लहान आनली का?" नानांना वाटलं, पानात काही खोट आहे. तिनं तानुबाईला आत जायला सांगितलं. तानुबाई गेली नाही, दोन पावलं मागं सरली. कुमुदनं मनात जुळवलेली सगळी वाक्यं, नवा नियम आलाय, भंगाळे डॉक्टर नको म्हणाले, उद्याच्या ऑपरेशनमुळं, ही सगळी एका रांगेत तयार होती आणि त्यातलं एकही बाहेर येईना. "गोणपाटाला वास येतोय," ती म्हणाली. "छगनच्या जखमेला यायचा तोच. पिंपातल्या पाण्यात तो जंतू असावा. ओलीत वाढतो तो. पिंपातून पानाला लागत असेल." नानांनी भारा नाकाजवळ नेला, डोळे मिटून हुंगला. "मले तं केयीचा येतो," ते म्हणाले. "तुम्हाला तोच येणार, नाना." "तुह्यी खात्री आहे?" "नाही. दोन दिवसांनी कळेल." "मंग दोन दिवसांनी बंद कर." "दोन दिवस थांबता येणार नाही. उद्या तिचं ऑपरेशन आहे." आपल्या तोंडून हे वाक्य निघालेलं ऐकून तिचं तिलाच नवल वाटलं. नानांचे ओठ थोडे हलले. मळ्यात एखाद्या केळीला रोग दिसला की सगळं बेट उपटायचं की थांबायचं, हा हिशेब त्यांनी जन्मभर केला होता, आणि तोच ते आत्ता करत असावेत असं तिला वाटलं. मग त्यांनी तिच्याकडे न बघता विचारलं, "छगन माह्या पानानं गेला काय?"

"नाही" म्हणायला काही लागलं नसतं. खोटं ठरवणारं कुणी नव्हतं. जंतू आधीपासून वॉर्डात होता, न्हाणीतून पिंपात गेला की पिंपातून न्हाणीत आला, कुणीच सांगू शकलं नसतं. छगन कशानंही गेला असता, तो भाजलाच इतका होता. हे सगळं खरं होतं, आणि ह्या सगळ्या खऱ्या गोष्टी एकत्र करून एक सुरेख खोटं बनत होतं. सासऱ्यांचा चेहरा तिच्यापासून वीतभर होता. इतक्या जवळून तिनं तो कधी पाहिला नव्हता. डाव्या भुवईत एक पांढरा केस लांब वाढला होता. तिला ह्या माणसाबद्दल जे वाटत होतं ते बापाबद्दल वाटावं असंच होतं, आणि ते असं ह्या क्षणी कळावं याचा तिला राग आला. "माहीत नाही, नाना," ती म्हणाली. "कधी कळेल असंही वाटत नाही." नानांनी मान हलवली, बराच वेळ हलवत राहिले. "नाही म्हणली असती तं मी मानलं असतं," ते म्हणाले. मग भारा घेऊन कडुनिंबाच्या पलीकडे गेले, कचऱ्याच्या खड्ड्यापाशी तो ठेवला, दोरी सोडली आणि कवळी, हिरवीगार पानं एकेक करून मधोमध फाडली, पुन्हा कुणी उचलून आत नेऊ नयेत म्हणून.

कुमुद आत गेली. भंगाळे डॉक्टरांना तिनं सांगितलं, ते आधी "आं?" म्हणाले, मग खुर्चीवर बसले, मग उठून स्वतः न्हाणीत गेले. पिंप दोन मामांनी उचलून बाहेर ओतलं. तळाशी हिरवी बुळबुळ होती. तिनं त्यातली थोडी बोळ्यावर घेतली. आता बशीला काय सांगायचं ते बशी सांगेल. पान वाफेच्या यंत्रात घालून घेता येईल का, असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला. काळं पडेल, पण जंतू राहणार नाही. ते पुढचं होतं. आजचं होतं ते खाट नंबर चारवर. सुनंदाबाई आणि एक पोरगेली सिस्टर कोकिळाला पानावरून उचलून उकळलेल्या चादरीवर घेत होत्या. कोकिळा आधी दात खाऊन होती, मग तिला आवाज धरवेना. तानुबाई पदर तोंडात कोंबून कुमुदकडे बघत होती. त्या बघण्यात शिव्या नव्हत्या. असत्या तर सोपं गेलं असतं.

नाना दारात येऊन थांबले होते. सगळं होईपर्यंत ते तिथंच उभे राहिले, भिंतीला टेकलेसुद्धा नाहीत. कोकिळाचा आवाज जरा उतरला तेव्हा तिला ते दिसले. "नाना, पान?" ती म्हणाली. नाना खाटेपाशी गेले. "आज पान नाही, बेटा," ते म्हणाले. "माह्या पानाले रोग लागला. तुले बाधला असता. आता पान नाही." इतकं सरळ. कोकिळा त्यांच्याकडे बघत राहिली. तिला किती कळलं कोण जाणे. "मंग तुम्ही बठा ना आठे," ती म्हणाली, आणि पालथी असलेल्या तिनं आपला न भाजलेला डावा हात खाटेच्या कडेवरून पुढं केला. नानांचा हात आपोआप उठला. आणि कुमुद म्हणाली, "नाना, हात नाही." ती मोठ्यानं बोलली नव्हती, पण शेजारच्या खाटेवरचं माणूसही वळून बघायला लागलं. नानांनी हात मागं घेतला आणि पाठीशी धरला, शाळेतलं पोरगं धरतं तसा.

तिनं त्यांना बाहेरच्या नळापाशी नेलं, न्हाणीतल्या नव्हे. त्यांच्या शर्टाच्या बाह्या तिनंच वर दुमडल्या, कोपरापर्यंत. साबण दिला, वरून पाणी सोडलं. नाना हात चोळत होते. "बोटांच्या मधे," ती म्हणाली. त्यांनी बोटांच्या मधे चोळलं. "नखांखाली." त्यांनी नखांखाली घासलं. केळीच्या चिकाचे काळे डाग होते, ते काही निघत नव्हते, आणि त्यांचा जंतूशी काही संबंध नव्हता. तरी नाना तेच घासत राहिले, कातडं लाल होईपर्यंत. तिनं त्यांचे हात आपल्या हातात घेतले आणि थांबवलं. औषधाचं पाणी ओतलं. मग उकळलेल्या कापडाची घडी उघडून एकेक बोट कोरडं केलं, दोन बोटांमधली बेचकी कोरडी केली, मनगटाच्या सुरकुत्या कोरड्या केल्या. सून सासऱ्याच्या हाताला अशी कधी लागत नाही. दोघांनाही ते जाणवत होतं. आतून कोकिळाचा कण्हण्याचा आवाज येत होता, आणि मधे एकदा "नाना" असा.

"बलावू राह्यली," नाना म्हणाले. त्यांनी हात पुढं धरले, तळवे वर, मग उलटे. "झाले का साफ?"

हातांवर काहीच दिसत नव्हतं. काही असतं तरी दिसलं नसतं. एक बशी, थोडी ऊब आणि दोन दिवस, याशिवाय ह्या प्रश्नाला उत्तर देण्याची तिच्याकडे विद्याच नव्हती. "अजून एकदा धुऊ," ती म्हणाली, आणि तिनं पुन्हा पाणी सोडलं, पुन्हा साबण, पुन्हा नवं कापड. नाना पुन्हा सगळं करून घेत होते. मग त्यांनी हात पुन्हा तसेच पुढं धरले आणि या वेळी विचारलं नाही. "तू म्हणशीन तव्हाच जाईन," ते म्हणाले. "आता मले काही समजत नाही."

कुमुद त्या हातांकडे बघत उभी राहिली. मग "जा, नाना," ती म्हणाली. ते हात अंगापासून लांब धरून, कशाला लागू नयेत असे बेतानं चालत, आत गेले आणि खाटेपाशी बसले.